एक बुवा, एक ड्रायव्हर: दोन पात्रांची एकांकिका लिहायची आणि बसवायची कशी

एकांकिका स्पर्धांमध्ये ही जोडी नेहमी भेटते. एक शिकलेला, मोजून बोलणारा, इस्त्रीच्या कपड्यातला. दुसरा रांगडा, मनात येईल ते तोंडावर आणणारा. सुरुवातीला खटके उडतात, मध्ये दोघं एकमेकांना आपापली दुःखं सांगतात, शेवटी मिठी. टाळ्या पडतात, पण नाटक कुणाच्या लक्षात राहत नाही. विषय जुना आहे म्हणून असं होत नाही. बहुतेक संहितांमध्ये मैत्री बोलून होते, हे खरं दुखणं आहे. चाळिशी-साठीतले दोन अनोळखी पुरुष गप्पा मारून मित्र होत नाहीत. काहीतरी काम अंगावर येतं, ते दोघांना मिळून करावं लागतं आणि ते करता करता कधीतरी एकमेकांबद्दलचा आदर तयार होतो. म्हणून लिहिताना आधी काम शोधायचं. संवाद नंतर.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे. काळ २००५ च्या आसपासचा. पुण्यातले एक शास्त्रीय गायक, वय साठीचं, त्यांना बुवा म्हणू. त्यांच्या तंबोऱ्यांची जोडी जवारी काढायला, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज पुन्हा मोकळा करायला, मिरजेला न्यायची आहे. दत्ता, वय पंचेचाळीस, टाटा ४०७ घेऊन पुण्यात माल उतरवून परत निघालाय. परतीचा रिकामा टेम्पो स्वस्तात मिळतो आणि एसटीच्या टपावर तंबोरा टाकता येत नाही, म्हणून बुवा त्याच्याबरोबर निघतात. रात्री खंबाटकी घाट चढताना गाडी तापून बंद पडते. पंचेचाळीस मिनिटांची एकांकिका, रंगमंचावर दोनच माणसं.

जोडी जुळवताना

एक गरीब आणि एक श्रीमंत एवढ्यावर जोडी होत नाही. दोघांकडे हुन्नर हवा, आणि एकाचा हुन्नर दुसऱ्याला अजिबात येत नसावा. रांगड्या माणसाला फक्त मोठं मन देऊन भागवणं ही या प्रकारच्या लेखनातली सगळ्यात मोठी खोड. मोठं मन सगळ्यांना देता येतं. दत्ताला गाडी येते, दोर बांधता येतो, अंधारात आवाजावरून बिघाड ओळखता येतो. बुवांना स्वर येतो, आणि तंबोऱ्याच्या अंगाची नस न् नस ठाऊक आहे. दोघंही कानाने जगतात. नाटकाचा सांधा हाच आहे, पण तो कुणी तोंडाने म्हणायचा नाही.

संवाद लिहायला बसण्याआधी प्रत्येक पात्राबद्दल तीन ओळी कागदावर उतरवा: याला काय येतं, याच्या हातून काय होत नाही, आणि हा कशाने दुखावतो. तिसरी ओळ जमली नाही तर पुढे जाऊ नका, कारण भांडण तिथूनच निघणार आहे. दत्ता दुखावतो ते त्याच्या कामाला अडाणीपणा म्हटलं की. बुवा दुखावतात ते आपल्याला कुणाची मदत लागते हे दिसलं की.

मिरज आणि कोल्हापूर ही गावं या विषयाला फार जवळची आहेत. मिरजेत तंतुवाद्यं घडवणारी घराणी मुळात शिकलगारांची, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांची. तलवारी गेल्या आणि त्याच हातांनी सतारी-तंबोरे घडवले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी थोर गायक उस्ताद अल्लादियाँ खाँसाहेबांना आश्रय दिला आणि त्याच महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचं कुस्तीचं मैदान उभं केलं. त्या मैदानाला लागूनच पॅलेस थिएटर झालं, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. म्हणजे गवई आणि पैलवान एकाच गावात होते, एकाच राजाला मुजरा करत होते. ही मैत्री अशक्य कोटीतली आहे असा आव संहितेने आणू नये. गैरसमज आजचा आहे आणि तो दोन्ही बाजूंनी आहे, एवढंच धरून चाला.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. सुसंस्कृत म्हणजे पुण्याच्या पेठेतलं प्रमाण बोलणारा, आणि रांगडा म्हणजे गावाकडचं बोलणारा, हे समीकरण नाटकाने निमूटपणे मान्य करू नये. बुवांचं बालपण कुठल्याही गावात, कुठल्याही समाजात गेलेलं असू शकतं. चौदाव्या मिनिटाच्या आसपास त्यांच्या तोंडून एखादा शब्द गावाकडचा निसटला, दत्ताने तो टिपला आणि काहीच बोलला नाही, तर त्या एका क्षणात दोन पानांच्या आत्मकथनाचं काम होतं.

दोघांना अडकवणारं कारण

दोन पात्रांच्या नाटकात प्रेक्षकाच्या मनात पहिला प्रश्न येतो: यातला एक जण उठून का जात नाही? याचं उत्तर पहिल्या पाच मिनिटांत मिळालं पाहिजे, आणि ते माणसाच्या स्वभावात नसून वस्तुस्थितीत असावं. बुवा तंबोरे टाकून जाऊ शकत नाहीत. दत्ता गाडी टाकून जाऊ शकत नाही.

बिघाड निवडतानाही हाच विचार. टायर पंक्चर घेतलं तर स्टेपनी लावून दहा-पंधरा मिनिटांत गाडी निघते, नाटक संपतं. इंजिनाचं मोठं काम निघालं तर मेकॅनिक बोलवावा लागतो, तिसरं पात्र येतं. रेडिएटरचा होज, म्हणजे पाणी वाहून नेणारा रबरी पाइप, फुटणं हा बिघाड सगळ्यात सोयीचा. पाणी गळून गेलं, इंजिन तापलं, गाडी थांबवावीच लागते. आणि तापलेल्या इंजिनात अर्धा-पाऊण तास पाणी भरता येत नाही. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडलं तर आतल्या दाबाने उकळतं पाणी तोंडावर उडतं. गार पाणी एकदम ओतलं तर इंजिनाच्या हेडला तडा जाऊ शकतो. म्हणजे थांबणं लेखकाने लादलेलं नाही, इंजिनाने लादलेलं आहे, आणि इंजिन गार व्हायला लागणारा वेळ हाच तुमच्या एकांकिकेचा वेळ. रंगमंचावरचं घड्याळ आणि प्रेक्षकाच्या हातातलं घड्याळ एकाच गतीने चालतं. अंधार करून ‘काही वेळाने’ दाखवायची गरज उरत नाही.

दुरुस्ती अशी असावी की ती एकट्याने होणार नाही. फुटलेल्या होजवर जुन्या ट्यूबची पट्टी, दोन इंच रुंद आणि तीनेक फूट लांब, ताणून ताणून गुंडाळायची आणि टोक तारेने आवळायचं. एकाने पाइप आणि पट्टीचं टोक धरायचं, दुसऱ्याने ताण देत गुंडाळायचं. शिवाय अंधार, म्हणजे बॅटरी (टॉर्च) धरायला माणूस हवाच.

मोबाइलचा बंदोबस्त आधी करा. आजचा काळ घेतला तर दोन फोन, नकाशा आणि टोइंगची गाडी, असं सगळं पाच मिनिटांत हजर होतं. २००५ मध्ये बुवांकडे फोन नसणं सहज पटतं. दत्ताकडे साधा हँडसेट असू द्या, त्याला घाटात रेंज नाही. एकदा हात उंच करून बघतो, परत खिशात ठेवतो. यावर वाक्य खर्च करू नका.

स्थळाचे तपशील तपासून घ्या. २००५ च्या सुमारास पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागे, तर साताऱ्याहून पुण्याकडे येणारी वाहनं बोगद्यातून येत. या काळातल्या घाटात समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे दाखवले तर स्पर्धेच्या सातारा केंद्रावरचा प्रेक्षक तिथेच नाटकातून बाहेर पडेल. दिवे मागून आले पाहिजेत, खालून वर चढत.

मिनिटांचा हिशेब

ए-फोर कागदावर चौदा पॉइंटमध्ये टाइप केलं तर निव्वळ संवादाचं एक पान साधारण दीड-दोन मिनिटं घेतं. या नाटकात हातांची कामं आणि शांतता बरीच आहे, म्हणून एकवीस-बावीस पानांवर थांबा. तिसाव्या पानावर गेलात तर कुणीतरी भाषण करतंय असं समजा.

पहिल्या सहा मिनिटांत गाडी थांबते, बॉनेट उघडतं, वाफ येते. बुवा लांब उभे, खांद्याला गरम पाण्याचा थर्मास. गळ्यासाठी ते त्यातलंच पाणी पितात. त्याबद्दल कुणी बोलायचं नाही, पण तो सतत दिसत राहिला पाहिजे. पाचव्या मिनिटाच्या सुमारास बुवा, काहीतरी करावं म्हणून, रुमाल घेऊन झाकणाकडे हात नेतात. दत्ता झटकन त्यांचं मनगट पकडतो. पहिला स्पर्श हा, आणि तो दांडगा आहे. पांढऱ्या झब्ब्याच्या बाहीवर काळ्या ग्रीसची चार बोटं उमटतात. तो डाग शेवटपर्यंत राहतो. बुवा त्याच्याकडे एकदाच बघतात.

सहा ते सतरा हा वाट बघण्याचा काळ. नवे लेखक इथेच बिथरतात आणि पात्रांना आठवणी सांगायला लावतात. त्याऐवजी दोघांना आपापली छोटी कामं द्या. दत्ता चाकांना दगड लावतो, ट्यूब शोधतो, चाकूने पट्टी कापतो. बुवा मागे जाऊन तंबोऱ्याची गवसणी, म्हणजे खोळ, चाचपतात. माणसं हातात काम असताना अर्धवट बोलतात, आणि अर्धवट बोलणंच ऐकावंसं वाटतं.

अठराव्या मिनिटाला भांडण. त्यानंतर दीड मिनिट पूर्ण शांतता. चोवीस ते तेहतीस पट्टी गुंडाळण्याचं काम. तेहतीस ते एकोणचाळीस तंबोरा. शेवटची सहा मिनिटं पाणी, दोर आणि इंजिन.

भाषा

या नाटकाचं सगळ्यात जास्त काम भाषेत आहे, आणि तिथेच सगळ्यात जास्त नासाडी होते.

दत्ताची बोली एका तालुक्याची ठरवा. कराडकडचा असेल तर ‘हितं’, ‘न्हाई’, ‘व्हय’, ‘आवो’, ‘तापल्याली हाय’. त्यात ‘काहून’ आलं की वऱ्हाड आलं, ‘खंय’ आलं की मालवण आलं. रांगडं दिसावं म्हणून चार जिल्ह्यांची बोली कालवली जाते, आणि त्या त्या भागातल्या माणसाला ते ऐकून वाईट वाटतं. रास्तच आहे ते. नट त्या भागातला नसेल तर तिथल्या माणसाकडून संवाद वाचून ध्वनिमुद्रित करून घ्या आणि लिहिलेलं त्याप्रमाणे दुरुस्त करा. उच्चार घोटायचे तर क्रियापदांचे घोटा. नुसता ‘न’चा ‘ण’ आणि ‘ण’चा ‘न’ करून बोली होत नाही.

शिव्यांची पातळी ठरवा. ‘आयला’, ‘च्यायला’ ही विरामचिन्हं आहेत, त्यांनी कुणी दचकत नाही. खरी शिवी संपूर्ण नाटकात एकच ठेवा आणि ती गाडीला द्या, माणसाला नको. दर वाक्याला शिवी दिली की तिचं वजन जातं आणि भांडणाच्या वेळी हातात काही उरत नाही.

बुवांची भाषा म्हणजे अवघड शब्द असं समजू नका. त्यांचं सुसंस्कृतपण वाक्य पूर्ण करण्यात आहे, आवाज न चढवण्यात आहे, आणि नको ते न बोलण्यात आहे. ‘कृपया’, ‘धन्यवाद’ यांची पेरणी केली की पात्र सरकारी होतं.

आता संबोधनं. मराठीत नातं कुठे पोचलं ते ‘तुम्ही’ आणि ‘तू’वरून कळतं, आणि हे हत्यार फुकट घालवू नये. अनेक संहितांमध्ये शिकलेला माणूस ड्रायव्हरला पहिल्या पानापासून अरे-तुरे करतो. तसं केलं की पुढे जायला जागाच उरत नाही, आणि तो आधीच असंस्कृत ठरतो. बुवा दत्ताला ‘अहो’, ‘तुम्ही’ म्हणतात, आणि त्या ‘तुम्ही’त अंतर आहे. दत्ता त्यांना ‘सायेब’ म्हणतो. तंबोरे कशासाठी हे कळल्यावर, साधारण बाराव्या मिनिटाला, ‘सायेब’चं ‘बुवा’ होतं. भांडण झालं की पुन्हा ‘सायेब’, आणि आता ते थंड असतं. पट्टी गुंडाळताना ‘बुवा’ परत येतं, कुणाच्या लक्षात येईल न येईल अशा बेताने. बुवांच्या तोंडी ‘तू’ एकदाच, चाळिसाव्या मिनिटानंतर, तेही साध्या कामाच्या वाक्यात: ‘तू धर, मी ओततो.’ त्यावर दत्ताने थांबून बघायचं नाही. नटाला थांबायचा मोह होईलच. तालमीत तो मोडून काढा.

चुकीचा संवाद असा दिसतो:

बुवा : दत्ता, आज मला कळलं, खरी विद्या हातात असते.
दत्ता : आन् मला कळलं बुवा, सूर काळजात असतो.

दोघंही लेखकाचं टिपण वाचून दाखवताहेत. हीच गोष्ट कामातून अशी येते:

दत्ता : उजेड इकडं धरा.
(बुवा बॅटरी वळवतात. झोत दत्ताच्या डोळ्यांवर.)
दत्ता : डोळ्यात न्हाई वो. पाइपावर.
बुवा : पाइप कोणता?
दत्ता : ज्यातनं पाणी गळतंय त्यो.

बॅटरीचा हा खेळ नीट रचा. पहिल्यांदा, आठव्या मिनिटाला, दत्ताला चार वेळा सांगावं लागतं. दुसऱ्यांदा, भांडणानंतर, बुवा न सांगता येऊन उभे राहतात आणि झोत बरोबर फुटलेल्या जागी पडतो. दत्ता हात हलवेल तिकडे झोत सरकतो. एक शब्द नाही. माफी, दिलजमाई, जे काही म्हणायचं ते एवढ्यात झालं. नंतर ‘मघाशी मी जरा जास्त बोललो’ हे वाक्य लिहिलंत तर ते खोडून टाका.

हशाचंही ठरवून घ्या. पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षक बोलीला हसणार, शहरी केंद्रावर तर नक्कीच. त्याला उपाय म्हणजे दत्ताला हजरजबाबी करा. पहिला हशा त्याच्या बुद्धीला मिळाला की पुढे उच्चाराला हसणं आपोआप कमी होतं. उलट टोकाला जाऊन बुवांना बावळट करणंही तितकंच वाईट. त्यांना बॅटरी धरता येत नाही, पण त्यांना आपलं अज्ञान दिसतंय, हे दिसू द्या.

भांडण कसं उभं करायचं

भांडणात दोघांचंही बरोबर असलं पाहिजे. बुवांना दिसतं की दोर तंबोऱ्याच्या भोपळ्यावरून गेला आहे. पंढरपूरकडून येणारा तो भोपळा वाळलेला, कवचासारखा असतो. दाब पडला की तडकतो, आणि तडकलेल्या भोपळ्याचा आवाज पूर्ववत होईलच असं नाही. बुवांचा संताप खरा आहे. पण दत्ताने वाटेत दोर पुन्हा बांधला तो तंबोरा घसरून फळीवर आपटायला लागला होता म्हणून, आणि खाली स्वतःची गोधडी घातली होती. अंधारात बुवांना गोधडी दिसत नाही. दत्ताही सांगत नाही, कारण केलेलं सांगणं त्याला कमीपणाचं वाटतं. प्रेक्षकाला मात्र ती आधी दिसलेली असावी.

रांगडा माणूस ओरडतो आणि मोकळा होतो. सुसंस्कृत माणसाचं क्रौर्य मऊ आवाजात येतं. म्हणून घाव घालणारं वाक्य बुवांना द्या, आणि ते सभ्य ठेवा: ‘जाऊ द्या. तुम्हाला कळण्यातली गोष्ट नाही ती.’ दत्ता उलट बोलत नाही. तो खाली बसतो आणि चाकूने ट्यूब कापत राहतो. इथली नव्वद सेकंदं दिग्दर्शकाने घड्याळ लावून सांभाळायची. तालमीत नट ती चाळिसावर आणतात, कारण शांतता अंगावर येते. त्या नव्वद सेकंदांत मागून एक ट्रक चढत येतो, त्याचा उजेड आधी दत्तावर, मग बुवांवर, मग गोधडीच्या लोंबणाऱ्या टोकावर पडतो. बुवांना आता दिसतं.

तंबोऱ्याचा प्रसंग

इथे चमत्कार टाळा. गवयाने इंजिनाचा सूर ऐकून बिघाड ओळखला, किंवा ड्रायव्हरने पहिल्याच फटक्यात तंबोरा जुळवला, असं दाखवलं की प्रेक्षकाचा विश्वास उडतो. खरं जे घडू शकतं तेवढंच पुरेसं आहे. काम झालं, इंजिन अजून कोमट आहे, दत्ता विचारतो, ‘ह्याचं बिघडलंय काय पर?’ बुवा गवसणी सोडतात, चारही तारा छेडतात. पंचम, दोन जोडीचे षड्ज, खर्ज (म्हणजे प, सा, सा आणि खालचा सा). दोन-तीन आवर्तनांनंतर दत्ता म्हणतो, ‘मधली एक बोलत न्हाई.’ हे कुणाही चांगल्या कानाच्या माणसाला कळतं. वाजवून वाजवून तारेने घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, चर पडतो, तार आणि घोडी यांचा स्पर्श बिघडतो, आणि तारेचा आवाज घुमायचा थांबतो. मिरजेचा कारागीर घोडी घासून तो उतार पुन्हा बरोबर करतो. तारेखालचा सुती दोरा केसभर पुढेमागे सरकवला की आवाज कसा उघडतो, हे बुवा करून दाखवतात. समजावून सांगत नाहीत.

तंबोऱ्याला हात लावण्याआधी दत्ता चिंधीने हात पुसतो. एकदा, मग उलट्या बाजूने, मग शर्टाला. तरीही बोट लावत नाही, बुवांनी पुढे केल्यावरच लावतो. दत्ताच्या नटाला सवयींचं दुकान देऊ नका: तंबाखू मळणं, पिचकारी, कॉलर वर करणं सगळं काढून टाका. हात पुसणं एवढीच एक सवय पहिल्यापासून ठेवा.

नंतर दोर बांधायची वेळ येते. दत्ता विचारतो, ‘कुठं दाबायचं न्हाई, ते दावा.’ बुवा बोट ठेवून दाखवतात. रेडिएटर भरताना कॅनमधलं पाणी कमी पडतं, आणि कोमट इंजिनाला कोमट पाणीच बरं. थर्मास उघडला जातो. इथेही संवाद त्या ‘तू धर’एवढाच. इंजिन सुरू होतं, दोघं केबिनमध्ये बसतात, अंधार. एकमेकांचे पत्ते देणं नको, मिठी नको, मिरजेत पोचल्यावरचा प्रसंग तर नकोच.

नेपथ्य, प्रकाश, आवाज

खरी गाडी किंवा तिचा कटआउट आणू नका. सहा बाय चार फुटांची एक लेव्हल (लाकडी चौथरा) म्हणजे टेम्पोचा हौदा, दीड फुटी दोन ठोकळे म्हणजे सीट, आणि पत्र्याचं एक खरं बॉनेट, भंगारातून आणलेलं, लोखंडी स्टँडवर. बॉनेटचा आवाज खरा हवा, म्हणून ते पुठ्ठ्याचं चालत नाही. आत फूटभर लांबीचा खरा होज, दोन क्लिपा, स्क्रूड्रायव्हर, ट्यूबच्या पट्ट्या. प्रत्येक प्रयोगाला नवी पट्टी, कारण ताणलेलं रबर दुसऱ्यांदा तसं बसत नाही. ग्रीसऐवजी काळ्या पोस्टर कलरमध्ये थोडं ग्लिसरीन घाला: ओलं दिसतं आणि धुतल्यावर निघतं. तरी झब्बे दोन ठेवाच.

प्रकाशात घाटाची रात्र निळ्या दिव्यांनी भरून टाकू नका. अंधुक निळा एक थर, बॅटरीचा खरा झोत, आणि जाणाऱ्या वाहनांसाठी विंगेतून हाताने फिरवायचा एक स्पॉट पुरतो. तो दर चार-पाच मिनिटांनी, आणि प्रत्येक वेळी प्रसंगाला वळण असेल तिथेच. वाफेसाठी लहान फॉगर (धूर सोडणारं यंत्र) बॉनेटखाली पाच सेकंद चालवा. जास्त चालवलात तर धूर रंगमंचावर रेंगाळतो आणि नटांचे घसे धरतात. रातकिड्यांचा अखंड ट्रॅक लावू नका. तो दोन मिनिटांत ऐकू येईनासा होतो आणि शांतता मात्र मारतो. तंबोरा प्रत्यक्ष छेडलेलाच हवा.

तालीम

पंचवीस दिवस, रोज अडीच तास धरा. पहिले चार दिवस नुसतं वाचन, उठायचं नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी दोघांनाही गॅरेजमध्ये घेऊन जा आणि होज बांधायला शिकवा, मग दोघांनाही एखाद्या गायनवर्गात तंबोरा धरायला बसवा. दोन्ही कामं दोघांना आली पाहिजेत: न येणारा माणूस दाखवायला आधी ते यावं लागतं. दहाव्या दिवसानंतर तीन तालमी भूमिका बदलून करा. बुवा करणारा दत्ताचे संवाद म्हणू लागला की त्याला समोरच्याचं दुखणं कळतं, आणि आपली कुठली वाक्यं आगाऊ आहेत तेही कळतं. त्या तालमींनंतर संहितेतली निदान दोन पानं सहज कमी होतात.

पात्रनिवडीत धिप्पाड तो दत्ता आणि किडकिडीत ते बुवा हा सोपा मार्ग सोडा. शक्य असेल तर उलट करा. पुरुषोत्तम करंडकासारख्या महाविद्यालयीन स्पर्धेत विशीतली मुलं हे करणार असतील तर केसांना पांढरं फासू नका. वय हातांच्या गतीतून येऊ द्या: बुवांची प्रत्येक हालचाल अर्ध्या मात्रेने उशिरा सुरू होते, दत्ताची गरजेपेक्षा लवकर संपते.

कागदपत्रं आणि प्रयोगाचा दिवस

जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. शिव्या लिहिलेल्याच म्हणायच्या, प्रयोगात वाढवायच्या नाहीत. वेळेची मर्यादा प्रत्येक स्पर्धेची वेगळी असते, ती नियमावलीत बघून तिच्यापेक्षा तीन मिनिटं कमी ठेवा, कारण हशा आणि टाळ्या वेळ खातात. स्पर्धेत नेपथ्य लावायला आणि काढायलाही मोजकी मिनिटं मिळतात. बॉनेटचा स्टँड पाने न लावता उभा राहील असाच बनवा.

तंबोरा प्रवासात नेताना तारा थोड्या उतरवा, गवसणीवर गोधडी गुंडाळा, आणि आडवा ठेवताना भोपळा अधांतरी राहू देऊ नका. जोड आणि खर्जाची एकेक जादा तार बरोबर असू द्या. वातानुकूलित नाट्यगृहात आणून लगेच जुळवलात तर दिव्यांखाली सूर सरकतो. प्रयोगाच्या तासभर आधी रंगमंचावर, दिवे लावून, तंबोरा ठेवून द्या आणि पडदा उघडण्याआधी वीस मिनिटं जुळवा. नाटकासाठी दोरा मधल्या एका तारेखालून जरा सरकवून ती मुद्दाम बंद करायची असते. हे काम रंगमंच व्यवस्थापकाला नेमून द्या. पडदा उघडण्यापूर्वी त्याने ती तार स्वतः छेडून ऐकायची, आणि बॅटरीत नवे सेल घातलेत का ते बघायचं.